गुरुवारच्या शेंगा

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक दर गुरुवारी चारच्या सुमारास येत. आधी फाटकाची कडी वाजे, मग छत्री दाराशी टेकवल्याचा आवाज येई. वहाणा काढून त्या भिंतीकडे टाचा करून नीट लावत आणि बाक रिकामा असला तरी ओट्याच्या कडेलाच बसत. मी आतल्या खोलीच्या पडद्यामागून हे पाही. पडदा एका जागी उसवला होता, तेवढी फट मला पुरे.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, सोलापुरात मिशनच्या मुलींच्या शाळेत धाकटा वर्ग शिकवी. शाळेच्या आवारातच तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या. दाजी रेल्वेत होते, कुर्डुवाडीला. शनिवारी येत आणि सोमवारी पहिल्या गाडीने जात. आईवडील आमचे लवकर गेले. पुण्याच्या इंग्रजी शाळेतले शिक्षण संपवून मी अक्काकडे कायमची राहायला आले, त्याच उन्हाळ्यात तिचे बाळ गोवराने गेले. अकरा महिन्यांचे होते. ओट्याची कड धरून उभे राहू लागले होते.

दफनाच्या वेळी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी अक्काच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की प्रभूला आपल्या बागेसाठी एक कळी हवी होती. अक्काने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी हात काढून घेतला. त्या दिवसापासून तिने प्रार्थनेला तोंड उघडले नाही. रविवारी देवळात येई, गीताला उभी राही, पण सगळ्यांच्या माना खाली गेल्या की तिची मान वर असे. हे मला ठाऊक होते, कारण माझीही वर असे. मी तिच्याकडे पाहत असे.

शाळेत रोज सकाळची प्रार्थना बाईंनी पाळीपाळीने घ्यायची असे. अक्काची पाळी आली की ती मुलींना पाठ असलेली प्रार्थना म्हणायला लावी आणि स्वतः टेबलावरचे खडू सरळ लावत उभी राही. मुली लहान होत्या, पण घरी जाऊन सांगता येणार नाही इतक्या लहान नव्हत्या. मला भीती होती ती याचीच. शाळेच्या मडमसाहेब प्रेमळ होत्या, पण एका गोष्टीत पक्क्या होत्या: जिची प्रार्थना आटली, तिने मुलींपुढे उभे राहू नये. आमच्या आधी या खोल्यांत ज्या बाई राहत, त्यांना अशीच 'विश्रांती' देण्यात आली होती. विश्रांती संपली नाही आणि खोल्या आम्हाला मिळाल्या.

अक्काजवळ त्या दिवसांत दुसरे काही उरले नव्हते. सकाळी वर्गात गेली की शेंबडी नाके पुसता पुसता, पाटीवर अक्षर गिरवून देता देता तिचा चेहरा थोडा सैल होई. दुपारी घरी आली की पुन्हा घट्ट. वर्ग गेला असता तर तिला कुर्डुवाडीच्या रेल्वेच्या खोलीत दार लावून बसावे लागले असते आणि तिथे ती किती दिवस काढील, याचा विचार मी करत नसे.

हे मडमसाहेबांच्या कानावर घालू शकतील असे पाळकच होते, म्हणून त्यांचे येणे मला खुपत होते.

आमच्यात कोणी नुसती चाळण मागायला आले तरी जाताना डोळे मिटून दोन शब्द बोलल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. दूध उतू जाते, पण प्रार्थना आटोपत नाही. आणि हे तर पाळक. ते येत, बसत आणि प्रार्थना न करता जात. पवित्र शास्त्राचे पुस्तक काखेत असे, ते उघडत नसत. अक्का ओट्यावर सुपात शेंगा घेऊन बसलेली असे. पोते दाजींनी आणून टाकले होते. पाळक सुपातून मूठभर शेंगा उचलत आणि फोडायला लागत. दाणे सुपात, टरफले आपल्या पुढ्यातल्या कागदावर. कधी पाण्याच्या टंचाईचे निघे, कधी मंगळवेढ्याकडे ज्वारी कशी आली आहे त्याचे. ते तिकडचे होते. पुष्कळदा काहीच निघत नसे. पलीकडच्या गल्लीतल्या मागांचा खटखट आवाज तेवढा येत राही. पाऊणएक तासाने ते टरफलांचा कागद गोळा करून उठत. "बरं हाय बाई, येतो," म्हणत आणि जात.

पाणी भरायला एक म्हातारी येई. तिच्या तोंडाला आवारात सगळे भीत. ती एकदा घागर उतरवता उतरवता म्हणाली, "पाळक हाय का शेंगा फोडायचा गडी?"

"तुला काय करायचंय?" अक्का म्हणाली.

"मला काय करायचंय. पर दिवाळीपतुर पोतं संपतंय की, मग काय निमित्त काडायचं त्यांनी?"

पाळक ओट्यावरूनच हसले. "म्हातारे, तुज्या घरचं बी आन. फोडून देतो."

अक्का हसली नाही, पण तिने तोंड फिरवले ते हसू आल्यासारखे. मला ते आवडले नाही. व्यासपीठावर हाच माणूस इतके शुद्ध मराठी बोले की मागच्या बाकांवरच्या बायकांना अर्धे कळत नसे. मग आमच्या ओट्यावर आल्यावर 'हाय' आणि 'न्हाय' कशाला? मला वाटे, ही जवळीक मुद्दाम आहे.

असे वाटायला कारण होते. पुण्याला शाळेत एक मिस होत्या. संध्याकाळी त्या एखाद्या मुलीच्या खाटेच्या कडेवर येऊन बसत, तिची वेणी घालून देत आणि घरचे, मनातले विचारत. शनिवारी ते सगळे सर्वांसमोर बाहेर निघे आणि ती मुलगी उभी असे. माझ्या बाबतीत दोनदा झाले. मऊ आवाजात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही, हे मी तिथे शिकले. पाळक तर प्रश्नही विचारत नव्हते. म्हणजे हे त्या मिसच्याही पुढचे काम असावे, असा माझा समज झाला.

त्या पावसाळ्यात मला मडमसाहेबांच्या बंगल्यावर काम मिळाले. गावातले आणि खेड्यांतले पाळक दर महिन्याला आपापल्या मंडळीचा अहवाल मराठीत लिहून पाठवत. मडमसाहेब मराठी चांगले बोलत, छापील वाचतही. पण हाताने लिहिलेले त्यांना लागत नसे. ते अहवाल इंग्रजीत उतरवून टाइप करायचे आणि एक प्रत बोटीने त्यांच्या देशात जायची. पूर्वीच्या कारकुनांचे डोळे गेले होते. मला इंग्रजी येत होते आणि मी कमी बोलत असे, म्हणून मला निवडले, असे मडमसाहेबांनीच सांगितले.

ऑक्टोबरच्या अहवालांत आमच्या पाळकांचा कागद आला. किती बाप्तिस्मे, कोण आजारी, छपराची कोणती कौले फुटली, आणि मग शेवटी चार वाक्ये होती. ती मला आजही पाठ आहेत.

'धाकट्या वर्गाच्या बाईंचे मूल वारल्यापासून त्या प्रार्थना करीत नाहीत. मी त्यांना करा असे सांगितलेले नाही. दर गुरुवारी जाऊन बसतो. काही महिने त्यांना कोणी काही विचारू नये, अशी विनंती आहे.'

पहिले वाक्य मी दोनदा वाचले. म्हणजे माझा संशय खरा होता. इतके गुरुवार शेंगा फोडून शेवटी हे लिहिले. पुढची तीन वाक्ये मी वाचली, पण ती पहिल्या वाक्याच्या रागातच वाचली. कोणी काही विचारू नये, म्हणजे यांनीच काय ते विचारावे, असा मी अर्थ लावला. अक्का आता यांच्या मुठीत.

मडमसाहेब आतल्या खोलीत पत्रे लिहीत होत्या. मी टाइपरायटरपुढे बराच वेळ बसले. मग त्या चार वाक्यांच्या जागी इंग्रजीत एकच वाक्य लिहिले: मूल गेल्यानंतर या बाईंना प्रार्थनेत मोठे समाधान लाभले असून त्या रोज देवाचे आभार मानतात. अशी वाक्ये दुसऱ्या अहवालांत दर महिन्याला येत, त्यामुळे ते लिहायला काही कष्ट पडले नाहीत. मूळ कागद दोरीने बांधून गठ्ठ्यात ठेवला. बहिणीला वाचवले, असे वाटून मी त्या दिवशी घरी चालत न जाता जवळजवळ धावत गेले.

पंधरा दिवसांनी मडमसाहेब आमच्या खोलीवर आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. अक्काचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्याविषयी मी वाचले. तुम्ही आमची मोठी शिक्षिका आहा. माझ्यापेक्षाही." पुढच्या बुधवारी बायकांच्या सभेला त्यांच्या देशातून पाहुण्या बाई येणार होत्या. त्या सभेत अक्काने उभे राहून आपल्या समाधानाची साक्ष द्यावी, असे त्यांनी सांगितले. पाहुण्या बाईंसाठी मी इंग्रजीत सांगायचे, हेही ठरवूनच त्या आल्या होत्या.

अक्का "बरं, मडमसाहेब" म्हणाली. दुसरे काय म्हणणार होती? त्या गेल्यावर ती ओट्यावर उभीच राहिली.

"मी रोज आभार मानते, हे हिला कोणी सांगितलं?" तिने विचारले. मी काही बोलायच्या आतच तिचे उत्तर तिला सापडले. "घरात येऊन बसणारा एकच माणूस आहे."

आता सांगते, उद्या सांगते, असे मनात चालले होते, आणि गुरुवार आला.

फाटकाची कडी वाजली तशी अक्काने सूप उचलून आत आणले आणि दार लोटून घेतले. पाळकांनी वहाणा काढल्याचा आवाज आला. ते ओट्यावर बसले. त्यांनी हाक मारली नाही. मी फटीतून पाहिले तर ते रिकाम्या ओट्यावर सांडलेली एक शेंग उचलून फोडत होते. दोन दाणे निघाले. ते त्यांनी उंबऱ्यावर ठेवले आणि थोड्या वेळाने निघून गेले. आत अक्का भिंतीला टेकून बसली होती. इतके महिने तिच्यापाशी नुसता बसणारा एकच माणूस होता आणि तो मी तिच्या दारातून घालवला होता.

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या वाटेवर पाळकांनी मला गाठले. छत्री मिटून ते माझ्या बरोबरीने, पण चार हात अंतर ठेवून चालू लागले.

"धाकट्या बाई, माझ्या कागदाचं काय केलंत?"

मी म्हणाले की जे होते ते टाइप केले.

"मडमसाहेब मला शाबासकी देत होत्या. बाईंना म्हणे माझ्यामुळं समाधान मिळालं." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "मी तसं लिवलं न्हवतं."

मी मान वर केली नाही. ते आता मडमसाहेबांना सांगतील, किंवा न सांगण्याबद्दल काही मागतील, याची मी वाट पाहत होते. त्यांनी दोन्हीतले काही केले नाही. "मडमसाहेबांना हे माझ्या तोंडून कळणार न्हाय," एवढे म्हणाले. वळणावर थांबून मात्र एक विचारले.

"बुधवारी बाई खोटं बोलल्या तर मग कुणापाशी खरं बोलतील?"

तेव्हाही मला वाटले, हे वाक्य घरून पाठ करून आणले असेल. पण ते माझ्या डोक्यातून गेले नाही.

मंगळवारी दुपारी अक्का पाटीवर काहीतरी लिहीत बसली होती. मी जवळ गेले तशी तिने पाटी उलटी केली. मग पुन्हा सुलटी करून माझ्यापुढे धरली. समाधान, कृपा, आभार, असे सुटे शब्द लिहिले होते. वर्गातल्या मुलींना गिरवायला देतात तसे, ठळक.

"यांची वाक्यं होत नाहीत गं," ती म्हणाली. "तू इंग्रजी शाळेत शिकलीस. तू करून दे."

मी म्हणाले, "मी एकदा करून दिली आहेत." आणि सगळे सांगितले.

ती मला मारील असे वाटले होते. लहानपणी मारत असे. तिने फक्त विचारले, "त्यांनी काय लिहिलं होतं?"

मी चारही वाक्ये म्हणून दाखवली. तिने पाटी पुसली. "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना 'जाऊन बसतो' इथे तिने डोळ्यांना पदर लावला. बाळ गेल्यानंतर ती रडली ते मी तेव्हाच पाहिले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. जेवताना भाकरी मात्र तिने माझ्या ताटात आधी वाढली.

बुधवारी सभेला देऊळ भरले होते. आवारातल्या बायका, बोर्डिंगच्या मोठ्या मुली, गिरणीत जाणाऱ्यांच्या घरच्या बायका कडेवर पोरे घेऊन. पाहुण्या बाई पुढे खुर्चीवर, शेजारी मडमसाहेब. पाळक दाराजवळ उभे होते. बायकांच्या सभेत ते आत येत नसत. अक्काचे नाव पुकारले गेले. ती उठली, मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"माझं बाळ उन्हाळ्यात गेलं," ती वर्गात बोलते तेवढ्याच आवाजात म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितले. पाहुण्या बाईंनी मान हलवली.

"तेव्हापासून मी प्रार्थना करत नाही."

देवळात कोणाचे तरी पोर कुरकुरत होते, तेवढेच ऐकू येत होते. मडमसाहेबांना मराठी कळत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. पाहुण्या बाईंना अजून काही कळले नव्हते. त्या माझ्याकडे हसऱ्या तोंडाने पाहत होत्या. त्या क्षणी मला काहीही सांगता आले असते. मी अक्काचे वाक्य होते तसे सांगितले. त्यांचे हसू हळूहळू गेले.

"मला कोणी करायला सांगितलं नाही," अक्का म्हणाली. "पाळक येतात, बसतात, शेंगा फोडतात. ते आले की त्या दिवशी मी जेवते. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे." ती खाली बसली. मी 'शेंगा' हा शब्दही गाळला नाही.

मागच्या बाकावरून पाण्याची म्हातारी मोठ्याने म्हणाली, "खरं बोलली बया." कोणीतरी तिला गप्प केले. मडमसाहेबांनी गीत सुरू करायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावले. ऑक्टोबरचा गठ्ठा सोडून पाळकांचा कागद त्यांनी समोर ठेवला होता आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावण्याचा प्रयत्न करत होत्या. मला मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचले. त्यांनी विचारले की अशी किती वाक्ये मी बदलली आहेत. मी म्हणाले, ही एवढी चारच. त्यांना ते खरे वाटले नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटले नसते. "इतकी वर्षे मी ही पत्रे बोटीने पाठवते आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आता मला कुठले खरे होते ते कळायचे नाही." त्या मला रागे भरल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कामाला येऊ नकोस, एवढे सांगितले.

अक्काच्या वर्गाचे काय, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. सोमवारी शाळेच्या फळ्यावर प्रार्थनेच्या पाळ्यांचा कागद लागला. त्यात अक्काचे नाव खोडून तिथे मडमसाहेबांनी स्वतःचे लिहिले होते. मी धावत घरी आले. ही पहिली पायरी, पुढची खोल्या सोडण्याची चिठ्ठी, असे मला पक्के वाटले. मी ट्रंकेवरची धूळसुद्धा झटकली. चिठ्ठी आली नाही. मडमसाहेब एकदा वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मुली उठल्या, त्यांनी हाताने बसा म्हटले आणि गेल्या. पुढचा महिना गेला, नाताळ गेला. वर्ग अक्काकडेच राहिला. पाळीतून तिचे नाव काढले, ते तिला काढण्यासाठी नव्हते, हे मला फार उशिरा मान्य करावे लागले.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, अक्का चारच्या आधीच सूप घेऊन ओट्यावर बसली होती. पाळक आले. वहाणा भिंतीकडे लावल्या. दोघांपैकी कोणीही मागचे काढले नाही. थोड्या वेळाने ते पडद्याकडे न पाहताच म्हणाले, "धाकट्या बाई, तितं उभं राहून पाय दुखत न्हाईत व्हय? हितं बसा की. शेंगा लई हायत."

मी बाहेर आले, ते इतके दिवस आपण दिसत होतो या लाजेने. बसले. त्यांनी माझ्यापुढे मूठभर शेंगा ओतल्या. मी फोडत होते आणि त्यांच्याकडे पाहत होते. संशयाची सवय एका दिवसात जात नाही. माझी तर अजूनही पुरती गेलेली नाही.

म्हातारीचा दिवाळीचा अंदाज चुकला; पोते संपत आले तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. बाळाला जाऊन वर्ष व्हायला थोडेच दिवस उरले होते. त्या गुरुवारी पाळक टरफलांचा कागद गोळा करून उठायला लागले, तेव्हा अक्का सुपाकडे बघत म्हणाली, "आज करा."

ते पुन्हा बसले. प्रार्थना त्यांनी देवळातल्या मराठीत केली नाही. या घरातलं मूल गेलं ते तुला ठाऊक हाय, आमाला का ते ठाऊक न्हाय, या बाईंना संबाळ, असे काहीसे, अडखळत, दोन मिनिटांचे. अक्काचे डोळे मिटलेले होते. मी माझे उघडे ठेवले. ते तिच्याकडे कसे पाहतात ते मला बघायचे होते. पण त्यांचेही डोळे उघडे होते, आणि ते पाहत होते ओट्याच्या कडेकडे, जिथे बाळ धरून उभे राहत असे.